भुईमुगाचा पाला

पळसवाडीत कुणाच्या नागवेलीला काही झालं की लोक भगवंतरावाला बोलावत. तो यायचा, मळ्याच्या दाराशी वहाणा काढायचा, वेलाजवळ उकिडवा बसायचा आणि बराच वेळ काही बोलायचाच नाही. मग एखादंच वाक्य. "पाणी साचून राह्यलं." नाहीतर वेलाला आधार देणाऱ्या झाडांकडे बोट दाखवून, "सावली दाट झाली, शेवरी छाट." वामनरावाला एकदा त्याने चारचौघांत सुनावलं होतं, "वेल मेला नाई, तू मारला." वामनरावाने खाली मान घालून ऐकून घेतलं. भगवंतरावाचं बोलणं खरं निघतं हे साऱ्यांना ठाऊक होतं, आणि भगवंतरावालाही ते ठाऊक होतं.

गाव जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. भगवंतराव, उत्तमराव आणि वामनराव या तिघांचे दहा-दहा गुंठ्यांचे पानमळे एकाच कुंपणात होते. वरच्या अंगाला विहीर. तिच्यावर मोट चालायची आणि पाणी एकाच पाटाने आधी भगवंतरावाच्या मळ्यात, तिथून उत्तमरावाच्या आणि शेवटी वामनरावाच्या मळ्यात उतरायचं. पूर्वेला नाल्याची दरड. पश्चिमेला गरम वारा अडवायला तुराट्यांचा आणि गवताचा उंच कूड. उन्हाळ्यात सगळ्यांचा जीव त्या कुडात आणि त्या पाटात अडकलेला असायचा. नागवेलीला तहान सोसत नाही आणि झळही सोसत नाही.

भगवंतरावाने लग्न केलं नव्हतं. मळा त्याच्या थोरल्या भावाने, रामरावाने लावलेला. रामराव सहा वर्षांपूर्वी वारला, तेव्हापासून घरात भगवंतराव आणि भावजय सत्यभामाबाई अशी दोनच माणसं. बायांनी पानमळ्यात पाऊल टाकायचं नाही, अशी गावची जुनी रीत. खुडलेली पानं टोपल्यांतून घरी यायची आणि मग बायांचं काम सुरू व्हायचं. ओल्या गोणपाटावर पानं पसरायची, लहान-मोठी निवडायची, डागाळलेली बाजूला काढायची, चळती लावायच्या. सत्यभामाबाई गेली कित्येक वर्षं हे करत होती. मळ्यात वेल कसा दिसतो हे तिने कधी पाहिलं नव्हतं, पण पान हातात आलं की ते कुठल्या ओळीतलं हे ती पुष्कळदा नेमकं सांगायची.

महाराष्ट्र होऊन पाच वर्षं झाली होती. त्या वर्षीचा वैशाख सुरुवातीपासूनच कडक निघाला. दुपारी दाराची कडी हाताला चटका द्यायची. भगवंतरावाने त्या उन्हाळ्यात एक नवी गोष्ट केली होती. भुईमुगाचा वाळला पाला गाडीभर आणून त्याने वेलांच्या बुडाशी हातभर जाड अंथरला होता. त्याने माती गार राहायची, ओल टिकायची. उत्तमराव रोज येऊन पाल्याखाली बोटं घालून पाहायचा आणि मान डोलवायचा.

एका सकाळी सत्यभामाबाईने निवडता निवडता सात-आठ पानं वेगळी ठेवली. भगवंतराव भाकरी खायला बसला होता.

"भाऊजी, हे पानं कोणत्या ओळीतले?"

"चौथ्या. काऊन?"

"हात लावून पाहा. मरगळले हायेत."

"उनानं झालं असन."

"उनानं पान कडेनं जळते," सत्यभामाबाई म्हणाली. "हे कडेनं हिरवंच हाये. देठाकडून सुकून राह्यलं."

भगवंतरावाने भाकरी तशीच ठेवली. हात धुऊन तो लगेच मळ्यात गेला. चौथ्या ओळीत लागोपाठ तीन वेल मलूल उभे होते. त्याने बुडाचा पाला बाजूला सारला. वेलाच्या बुडाला, मातीला लागून, पिंजलेल्या कापसासारखे पांढरे तंतू गुंडाळलेले होते. साल बोटाने दाबली तर आतून मऊ, काळी निघाली. आणि त्या पांढऱ्या तंतूंत मोहरीसारखे बारीक, गोल, तांबूस दाणे चिकटले होते. चाळीस वर्षं त्याने नागवेल पाहिली होती. मर पाहिली होती, करपा पाहिला होता. हे दाणे त्याने कधीच पाहिले नव्हते.

तिन्ही वेल त्याने मातीसकट उपटले, गोणपाटात गुंडाळले आणि नाल्यात नेऊन जाळले. धूर पाहून उत्तमराव दरडीवर आला.

"काय जाळून राह्यला बे, भगवंता?"

"शेवरीचा कचरा."

उत्तमराव आणि तो लहानपणापासूनचे सोबती. त्याच्याशी खोटं बोलायची वेळ भगवंतरावावर पूर्वी आली नव्हती. ती आली, आणि सहज निभावली, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

वेल उपटले की प्रकरण मिटेल असं त्याने मनाशी धरलं होतं. तिसऱ्या दिवशी पाचव्या ओळीत आणखी चार वेल मलूल झाले. ते उपटताना त्याला पाल्याच्या एका काडीवर तेच दाणे दिसले. जिथे वेल अजून धड होते तिथल्या पाल्यावरही दिसले. ती काडी त्याने उचलून उजेडात धरली. तेवढ्यात खालच्या मळ्यातून उत्तमरावाचा आवाज आला.

"तुह्या मळ्यात पाल्यानं चांगलाच गारवा राह्यला. मी बी गाडीभर आणला. उद्या टाकून घेतो."

भगवंतरावाने काडी मुठीत दाबली.

"थांब अजून. कच्चा असन. चार दिवस उनात वाळू दे."

"वाळलाच तं हाये."

"मंग पाहा बाप्पा. तुही मर्जी."

त्या वेळी तो आणखी दोन वाक्यं बोलला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ती दोन वाक्यं त्याच्या तोंडून निघाली नाहीत. गावाचे वेल ज्याने तपासायचे त्याच्याच मळ्यात, त्याच्याच हाताने आणलेल्या पाल्यातून रोग आला, हे सांगणं त्याला जमेना. आधी उपाय सापडू दे, मग सांगू, असं त्याने ठरवलं. संध्याकाळी मोट सुटली तेव्हा तो पाटाच्या कडेला बसून राहिला. पाणी त्याच्या मळ्यातून निघून उत्तमरावाच्या हद्दीत शिरत होतं. त्यावर दोन-तीन दाणे तरंगत येताना त्याला दिसले. ते त्याने ओंजळीने काढून घेतले. पण पाणी तर तासभर वाहत होतं आणि उजेड संपत आला होता.

आठव्या दिवशी मेलेल्या वेलांची संख्या अठरा झाली. तेव्हा त्याने तपकिरीच्या रिकाम्या डबीत दाणे आणि कुजलेला वेलाचा तुकडा घातला, पहाटे पायी निघाला आणि फाट्यावर मोटार धरून जळगाव जामोदला शेतकी खात्याच्या कचेरीत गेला.

तिथला अधिकारी साताऱ्याकडचा, तरुण होता. त्याने डबी उघडून दाणे कागदावर ओतले आणि भिंगातून पाहिले.

"किती दिवस झाले?"

"आठ."

"वेलाच्या बुडाशी काय घातलंय?"

"भुईमुगाचा पाला. उन्हात गारवा राहावा म्हणून."

अधिकाऱ्याने भिंग खाली ठेवलं. "भुईमुगालाही हाच रोग होतो. पाल्याबरोबर तो तुमच्याकडे आला. ही बुरशी आहे. हे दाणे म्हणजे तिचं बी समजा. जमिनीत दोन-तीन वर्षं मरत नाही. पाण्यावर तरंगत जातं, पायाला चिकटून जातं, खुरप्याबरोबर जातं. गरम आणि ओली जागा मिळाली की पसरतं."

"औषध?"

"सगळा पाला काढून जाळा. रोगट वेल जाळा. मोरचूद आणि कळीचा चुना मातीच्या मडक्यात वेगवेगळा भिजवून एकत्र करा आणि चांगल्या वेलांच्या बुडाशी ओता. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहा. विळ्यावर तांबडं चढलं तर चुना कमी पडला असं समजा, आणखी घाला." त्याने दाणे पुन्हा डबीत भरले. "आणि तुमच्या मळ्याचं पाणी बंद करा. पाटाचं पाणी तर अजिबात नको."

"साहेब, या उन्हात पाणी तोडलं तं आठ दिवसांत मळा वाळून जाईन."

"जाईल. पण उन्हानं मेलेला वेल एकटा मरतो. हा शेजाऱ्याला घेऊन मरतो."

परतीच्या मोटारीत भगवंतराव खिडकीशी बसला होता. बाहेर सगळं रान भाजून पिवळं पडलेलं. त्याला बाजूच्या माणसाने दोनदा काही विचारलं, ते त्याला ऐकूच आलं नाही.

घरी येऊन त्याने सत्यभामाबाईला सगळं सांगितलं. तो बोलायचा थांबल्यावर ती म्हणाली, "मंग आता उत्तमरावाले सांगा."

"सांगतो."

"कई?"

भगवंतराव तांब्या उचलून पाणी प्यायला.

"त्यायच्या मळ्यात पाला पडला काय?" तिने विचारलं.

"एका ओळीत पडला."

सत्यभामाबाईने पुढ्यातली टोपली बाजूला सरकवली. "भाऊजी, तुमी नाई सांगतलं तं मी सांगीन. मले मळ्यात जाची मनाई हाये, उत्तमरावाच्या घरी जाची नाई."

भगवंतराव पायांवरची धूळही न धुता उठला.

विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, तिघं बसले. त्याने डबी उघडून दोघांच्या पुढ्यात ठेवली आणि रोग काय, पाला काय, पाणी काय, ते सारं सांगितलं. किती दिवसांपासून माहीत आहे, तेवढं मात्र सांगितलं नाही. उत्तमराव एकदम उठला, आपल्या मळ्यात गेला आणि पाल्याच्या ओळीतून परत आला तेव्हा त्याच्या बोटांना पांढरे तंतू लागलेले होते.

"माह्या मळ्याचं पाणी आजपासून बंद," भगवंतराव म्हणाला. "पन पाट माह्या मळ्यातूनच जाते. तो बी बंद करा लागते. कुडाच्या बाहेरून नवा पाट काढू, आन खाली कूड फोडून आत घेऊ."

"कूड तोडून?" वामनराव ओरडला. "पश्चिमेचा कूड तोडला तं सारी झळ माह्या मळ्यात घुसन. तुह्या रोगापाई माहा मळा वाऱ्यावर ठेवू काय? वेल मेला नाई, तू मारला, असं म्हणे ना तू मले?"

वामनरावाचं म्हणणं चूक नव्हतं. कूड तोडला तर झळ, पाट चालू ठेवला तर रोग, आणि पाणीच दिलं नाही तर उरलेले दोन्ही मळे आठ दिवसांत संपणार.

"घागरीनं देऊ," शेवटी उत्तमराव म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "बाहेरून वळसा घालून खालच्या दारानं आत नेऊ. बुडाशी लोटाभर, लोटाभर."

"दोन मळ्यांचे वेल किती हायेत, माहीत हाये काय?" वामनराव म्हणाला. "दीडशे घागरी लागतीन रोज. तीन माणसं वाहाले पुरतीन काय?"

तीन माणसांनी होणार नव्हतं हे खरंच होतं; वामनरावाचे मुलगे बाहेरगावी कामाला होते. मृगाला अजून पंचवीस दिवस होते. घरात बाया होत्या, पण बायांना मळ्यात मनाई. गावात ही रीत सांभाळणारी उत्तमरावाची म्हातारी आई तानाबाई. तिला कसं विचारावं हा तिघांना प्रश्न पडला. शेवटी उत्तमरावानेच घरी जाऊन विचारलं. भगवंतराव ओट्याखाली उभा होता.

तानाबाईने डोळे मिटून ऐकलं, रोग पायाला चिकटून पसरतो तेही. मग म्हणाली, "तुमचे साहेब पाय धुवाले सांगते काय?"

"हाव," भगवंतराव म्हणाला. "चुन्याच्या पाण्यात. आत जातानी बी, बाहेर येतानी बी. खुरपं बी धुवा लागते."

"आतापावतर तुमी गडी माणसं नुसत्या वहाणा काढून जात होते. बाया चुन्यात पाय धुऊन जातीन." म्हातारीने हिशेब मनाशी बसवला. "मंग कोणाचे पाय जास्त सोवळे झाले? जाऊ दे त्यायले."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून काम सुरू झालं. खालच्या दाराशी खड्डा खणून चुन्याचं पाणी भरलं. मोटेने पाणी काढायचं, विहिरीशेजारच्या हौदात साठवायचं आणि डोक्यावरून वळसा घालून न्यायचं. उत्तमरावाची बायको कौशल्याबाई, वामनरावाची बायको आणि दोन सुना, सत्यभामाबाई, तिघं गडी. सूर्य वर यायच्या आत अर्ध्या घागरी व्हायच्या, उरलेल्या उन्हं कलल्यावर. दुपारी कुडावर पाणी शिंपडायचं, म्हणजे आत येणारा वारा जरा तरी निवायचा. वामनरावाची धाकटी सून तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडली, तिला कांदा हुंगवून सावलीत निजवलं. बायांच्या डोक्यावरच्या चुंबळी घामाने भिजून जड व्हायच्या.

भगवंतराव पहाटे स्वतःच्या मळ्यातला पाला गोळा करून जाळायचा, मग घागरी वाहायला खाली यायचा. आपल्या आणि उत्तमरावाच्या मळ्यामध्ये त्याने गुडघाभर खोल चर खणला, म्हणजे पुढे पावसाचं पाणीही पलीकडे जाऊ नये. मोरचूद-चुन्याचं पाणी त्याने उत्तमरावाच्या वेलांना घातलं. विळा बुडवला तर त्यावर तांबडी झाक आली. आणखी चुना घालून पुन्हा बुडवला, तेव्हा तो स्वच्छ निघाला. स्वतःच्या मळ्यात ओतायला त्याने ते उरवलं नाही.

पाचव्या दिवशी सत्यभामाबाई रिकामी घागर घेऊन भगवंतरावाच्या मळ्याच्या वरच्या दाराशी आली. "मी जरा आत पाहू काय?" तिने विचारलं. भगवंतरावाने मान डोलावली. पाय धुऊन ती आत गेली.

रामरावाने लावलेले वेल अकरा वर्षांचे होते. शेवरीच्या खोडांवर ते पुरुषभर उंचीपर्यंत चढले होते आणि खालपासून वरपर्यंत पानं मिटून लोंबत होती. काही तांबूस झाली होती, काही वाळून गुंडाळली होती. इतकी वर्षं ज्या पानांना तिने हात लावले त्यांचे वेल ती पहिल्यांदा पाहत होती. ती ओळीओळीतून फिरली. सातव्या ओळीपाशी थांबून म्हणाली, "ते रुंद पानं इथलेच काय?"

"हाव."

तिने एक वाळलं पान हातात घेतलं. ते चुरलं. मग पुन्हा पाय धुऊन, घागर उचलून ती कामाला गेली. भगवंतराव तिथेच उभा राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही.

बाराव्या दिवशी त्याच्या मळ्यात हिरवं असं काही उरलं नाही. वेल काढून त्याने सगळे एकत्र जाळले. उत्तमरावाच्या मळ्यात, पाला पडलेल्या ओळीत, बारा वेल गेले आणि रोग तिथेच थांबला. वामनरावाच्या मळ्याला डागही लागला नाही. मृग लागला, पाऊस सुरू झाला आणि घागरी बंद झाल्या; झळ सरली तसा कुडाबाहेरून नवा पाट काढला.

आषाढात एकदा उत्तमराव घरी आला. ओट्यावर बसला, पण सत्यभामाबाईने पुढे केलेलं पाणी त्याने घेतलं नाही.

"भगवंता, एक इचारतो. ते कचरा जाळत होता तू नाल्यात, त्या दिवशीच तुले समजलं होतं काय?"

भगवंतराव म्हणाला, "हाव."

"आन मी पाला टाकतो म्हणलं तवा?"

"तवा बी. काडीवर दाणे पाह्यले होते मी."

उत्तमराव वहाणा पायात सरकवू लागला. "बारा वेलांचं काही नाई," तो म्हणाला. "बारा वेल काय, पुन्हा लागतीन." आणि तो उठून गेला.

त्यानंतर त्याने भगवंतरावाशी बोलणं सोडलं. भांडण केलं नाही, गावात कुणाला काही सांगितलंही नाही. मोटेची पाळी असली की यायचा, बैल जुंपायचा, पाणी घ्यायचा आणि जायचा. गावातले लोकही आता वेल दाखवायला भगवंतरावाला बोलावत नव्हते. त्यांना खरं कारण माहीत नव्हतं. ज्याचा स्वतःचा मळा गेला त्याला काय विचारायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

साहेबांनी सांगितलं होतं, दोन वर्षं त्या जमिनीत ज्वारी-मका घ्या, रोगाला खायला मिळालं नाही की दम तुटेल. भगवंतरावाने पानमळ्याच्या कुंपणात ज्वारी पेरली. नांगर खोल घातला, दोन उन्हाळे जमीन उघडी तापू दिली. सत्यभामाबाई त्या दोन वर्षांत कौशल्याबाईकडे पानं निवडायला जायची. बायांचं बोलणं कधी बंद झालंच नव्हतं. मळ्यात जाण्याच्या मनाईचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, पण ती उठली असंही कुणी म्हटलं नाही. गरज पडली की बाया जायच्या.

तिसऱ्या वर्षी पोळा झाल्यावर भगवंतरावाने नागवेल लावायला घेतली. बेणं वामनरावाने दिलं. स्वतःच आणून दाराशी ठेवलं आणि म्हणाला, "चांगल्या वेलाचं हाये, पाहून घे." भगवंतरावाने ते खरंच एकेक पाहून घेतलं. सत्यभामाबाई बेणं हातात देत होती आणि तो ओळीने लावत चालला होता. दोन ओळी झाल्यावर चराच्या पलीकडे कुणी उभं असल्याचं त्याला जाणवलं. उत्तमराव होता. किती वेळापासून होता, कळलं नाही.

भगवंतराव काम थांबवून वर पाहू लागला. उत्तमरावाने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या हाताखालच्या मातीकडे पाहिलं.

"खोल लावून राह्यला," तो म्हणाला. "एक डोळा वर घे."

भगवंतरावाने बेणं उपसलं, बोटभर वर घेतलं, कोंब फुटायचा एक डोळा मातीवर ठेवला आणि पुन्हा माती दाबली. उत्तमराव चर ओलांडून आला नाही. पण तिसरी ओळ पुरी होईपर्यंत तो तिथेच उभा होता.